‘फक्त शंभर ताप आहे’... वृद्धनिवासातल्या आई-बाबांना वेळेत उपचार कसे मिळवून द्याल?

रात्री साडेदहाला वृद्धनिवासातून फोन येतो. ‘आजींना थोडा ताप आहे, फक्त शंभर. गोळी दिली आहे. आज जरा असंबद्ध बोलतायत, पण वय झालंय ना. सकाळी डॉक्टर राउंडला आले की दाखवतो.’ फोन घेणारा मुलगा पुण्यात असतो, मुलगी न्यू जर्सीत, किंवा मूलबाळ नसलेल्या मावशीचे सगळे पाहणारी भाची मुलुंडमध्येच दोन स्टॉप पलीकडे. तिघांपुढेही प्रश्न एकच असतो. सकाळपर्यंत थांबायचे की आत्ताच हलवायला सांगायचे? आणि समोरच्याने ‘काळजी करू नका’ म्हटल्यावर पुन्हा फोन करावा का?

मुलुंड हे तसे निवृत्तांचे उपनगर. पुनर्विकासात इमारत गेली, मुले बाहेर, चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणे अशक्य, अशा कारणांनी अनेक ज्येष्ठ मुलुंड-ठाणे पट्ट्यातल्या किंवा बदलापूर-कर्जतकडच्या वृद्धनिवासांत जातात. पैसे महिन्याला ठरलेले असतात, जेवण वेळेवर मिळते. आजारपणात निर्णय कोणी, कधी आणि कशाच्या आधारे घ्यायचा, हे मात्र बहुतेक वेळा आजारपण आल्यावरच कळते. त्याबद्दलचे हे विश्लेषण.

वृद्धनिवास म्हणजे रुग्णालय नव्हे, हे कायद्यालाही मान्य आहे का?

हो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच आहे. महाराष्ट्रात रुग्णालये आणि नर्सिंग होम १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतात. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रारीची सोय अशा गोष्टी बंधनकारक झाल्या. वृद्धनिवास मात्र बहुधा न्यास, संस्था किंवा कंपनी म्हणून नोंदलेला असतो. तिथे ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली जाणारी प्रत्येक व्यक्ती परिचारिका असेलच असे नाही. अनेकदा ती प्रशिक्षित काळजीवाहू असते, कधी नुसतीच मायाळू मावशी.

ज्येष्ठांसाठीचा मुख्य कायदा २००७ चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीचा. त्याचा रोख मुलांवर आणि वारसांवर आहे. ‘चरितार्था’त अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय देखभाल आणि उपचार येतात, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा आणि वेगळी रांग असावी, असे कलम २० सांगते. पण खासगी वृद्धनिवासात रात्री किती परिचारिका हव्यात, डॉक्टरला किती वेळात बोलवायला हवे, हे ठरवणारी देशभरासाठीची बंधनकारक तरतूद त्यात नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान मापदंड यांचा प्रस्ताव होता. ते स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले, तेही प्रामुख्याने इमारतीबद्दलचे आहेत. दरवाजाची रुंदी, लिफ्ट, रॅम्प, हाताला धरायचे दांडे. उपयुक्तच, पण ताप दांड्याने उतरत नाही.

त्यामुळे आज वृद्धनिवास आणि कुटुंब यांच्यातला करार हाच प्रत्यक्षात नियम ठरतो. सही करण्यापूर्वी तो वाचणारे किती, हा वेगळा प्रश्न.

थोडे थांबले तर बिघडते काय?

तरुण माणसाचा आजार ओरडून सांगतो, म्हाताऱ्या माणसाचा कुजबुजतो. सत्तरी-ऐंशीत जंतुसंसर्ग झाला तरी जोराचा ताप येईलच असे नाही. लघवीच्या मार्गातला किंवा छातीतला संसर्ग आधी दिसतो तो वागण्यात. कालपर्यंत नातवंडांची नावे सांगणाऱ्या आजी आज दिवस-रात्र विसरतात, भिंतीशी बोलतात, किंवा उलट, एकदम गप्प होऊन झोपून राहतात. वैद्यकीय भाषेत याला डिलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ म्हणजे डिमेन्शिया नव्हे, आणि ‘वय झालंय’ हे त्याचे निदान नव्हे. आधीपासून डिमेन्शिया असलेल्यांमध्ये तर तो हमखास नजरेतून सुटतो, कारण गोंधळलेपणा रोजचाच वाटतो. लासी सर्वेक्षणाशी जोडलेल्या अभ्यासानुसार देशातल्या साठीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसे आहे. वृद्धनिवासांत येणाऱ्यांमध्ये ते अधिक असणे स्वाभाविक आहे.

पक्षाघाताचे गणित आणखी कडक आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ही वेळ मोजली जाते ती रुग्ण ‘शेवटचा ठीक दिसला’ त्या क्षणापासून. रात्री नऊला गुड नाइट म्हटले आणि सकाळी सहाला तोंड वाकडे दिसले, तर घड्याळ नऊलाच सुरू झालेले असते. मध्ये कोणी एकदा फेरी मारून वहीत वेळ लिहिली असेल, तर तीच नोंद उपचाराचा मार्ग उघडा ठेवू शकते. रात्रीच्या राउंडची वही हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण करारात विचारण्यासारखा पहिला मुद्दा हाच आहे.

पडणे हा तिसरा प्रकार. बाथरूममध्ये पडलेल्या आजोबांना पाय टेकवता येत नाही, पाय थोडा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, तेव्हा लेप लावून दोन दिवस बघण्यात अर्थ नसतो. खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया, रुग्ण तिला योग्य असेल तर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अंथरुणात जाणारा प्रत्येक जास्तीचा दिवस न्यूमोनिया आणि शय्याव्रणांची शक्यता वाढवतो. आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो उठून चहा प्यायला तरी सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना त्याच वेळी विचारायला हवे.

मधुमेह्यांची गोष्ट वेगळीच. त्यांचा हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, नुसता दम, घाम आणि अस्वस्थपणा घेऊन. आणि इन्सुलिन घेतले पण जेवण टाळले, तर साखर ७० च्या खाली जाऊन तीच असंबद्ध बडबड सुरू होते. ग्लुकोमीटरने एका मिनिटात कळणारी ही गोष्ट आहे.

‘शंभर ताप’ धोकादायक आहे की नाही, हे फोनवर कसे ठरवायचे?

ठरवायचे डॉक्टरांनीच. पण डॉक्टरांना आत्ता बोलवायचे की सकाळी, यासाठी आकड्यांची मदत होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. मूळ वापर रुग्णालयांसाठी, पण तिकडच्या वृद्धनिवासांतही ती वापरली जाते. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, तापमान आणि शुद्ध किंवा नव्याने आलेला गोंधळ, या सहा गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली तर तातडीने तपासणी, सात किंवा अधिक झाली तर आणीबाणी.

आता वरच्या फोनमधल्या आजींचे आकडे असे समजा. श्वास मिनिटाला २२, म्हणजे २ गुण. ऑक्सिजन ९४, १ गुण. वरचा रक्तदाब १०८, १ गुण. नाडी ९८, १ गुण. नव्याने आलेला गोंधळ, ३ गुण. तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३७.८ सेल्सियस, त्याला शून्य गुण. बेरीज आठ! फोनवर सांगितलेला एकमेव आकडा तेवढा निरुपद्रवी होता. बाकीचे कोणी मोजलेच नव्हते.

यात अवघड काहीच नाही. बीपीचे मशीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर मुलुंडच्या कोणत्याही केमिस्टकडे मिळतात, आणि श्वास मोजायला घड्याळ पुरते. छातीच्या जुनाट आजारात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, काहींचा रक्तदाब नेहमीच १०५ असतो. म्हणून आधी ‘नेहमीचे’ आकडे माहीत हवेत. यंत्राचे असते तसेच, बिघाड ओळखायचा तर नीट चालताना ते कसे चालते याची नोंद लागते. प्रकृती बरी असताना आठवडाभर रोज एकदा हे आकडे घेऊन एका कागदावर लिहून ठेवावेत. त्याच कागदावर नेहमीचे वागणे लिहावे. स्वतः जेवतात का, कोणाला ओळखतात, काठी लागते का, रात्री कितीदा उठतात. हे शेवटचे जास्त उपयोगी पडते, कारण ड्युटीवरची माणसे बदलत राहतात आणि नव्या मुलीला आजी मूळच्या कशा आहेत हे माहीत नसते.

समोरच्याला न दुखावता ठामपणे कसे बोलायचे?

अनेक नातेवाईक दोन टोकांना जातात. एक गट ‘त्यांना जास्त कळतं’ म्हणून गप्प बसतो. दुसरा थेट आवाज चढवतो, आणि मग फोन उचलणारी काळजीवाहू घाबरून कमी सांगायला लागते. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली बोलण्याची एक चौकट इथे कामाची आहे. आत्ता काय घडते आहे, आधीचे काय आहे, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे, या क्रमाने बोलायचे. नमुन्यादाखल भाचीचा फोन असा असू शकतो:

‘सिस्टर, मी मावशीची भाची बोलतेय. मावशी आज संध्याकाळपासून असंबद्ध बोलतेय, ताप शंभर आहे. तिला मधुमेह आहे, मागच्या वर्षी लघवीचं इन्फेक्शन झालं होतं तेव्हा अशीच सुरुवात होती. एरवी ती मला नावाने हाक मारते, आज ओळखलं नाही, म्हणून हे साधं वाटत नाही. आत्ता बीपी, नाडी, ऑक्सिजन, शुगर आणि एका मिनिटातले श्वास मोजून मला सांगाल का? मी लाइनवरच थांबते. आणि तुमच्या डॉक्टरांशी आत्ता बोलणं होईल का? नाही झालं तर आपण तिला हलवूया, मी वीस मिनिटांत पोहोचते.’

यात आरोप नाही, पण मागणी आणि वेळ दोन्ही आहे. फोन ठेवल्यावर हेच व्हॉट्सॲपवर लिहून टाकावे: ‘१०.४०ला बोलणं झालं, डॉक्टरांना फोन करणार असं ठरलं.’ धमकी म्हणून नव्हे. ड्युटी बदलली की नव्या माणसाला तोच संदेश कामी येतो.

कर्मचाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री एका मजल्यावर एकच काळजीवाहू असेल, तर ती एका आजींबरोबर रुग्णालयात गेल्यावर बाकीच्यांचे काय? शिवाय ‘आम्हाला विचारल्याशिवाय ॲडमिट करू नका’ असे बजावणारे आणि नंतर फोन न उचलणारे नातेवाईकही असतात. अशा ठिकाणी उशीर निष्काळजीपणातून होत नाही, भीतीतून होतो. त्यावर उपाय म्हणजे आधीच लेखी परवानगी देऊन ठेवणे: अमुक लक्षणे दिसली तर आम्हाला फोन लागो वा न लागो, हलवा.

नातेवाइकाच्या शब्दाला कुठे अधिकृत स्थान आहे का? इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीचा २०२१ मध्ये रुग्णालयात मृत्यू झाला. तिच्या पालकांनी प्रकृती बिघडत असल्याचे वारंवार सांगूनही वेळेत हालचाल झाली नव्हती. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ टप्प्याटप्प्याने लागू झाला. कुटुंबाला वाटले तर ते दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागू शकतात. आपल्याकडे असा नियम आला तर स्वागतच आहे. तोवर करारातच एक ओळ घालून घेता येते: नातेवाइकाने मागणी केल्यास डॉक्टरांशी तासाभरात बोलणे करून द्यावे.

सही कोणाची चालते?

पहिली सही रुग्णाची स्वतःची. आजी शुद्धीवर आहेत, समजून बोलतात, तर उपचाराला हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे, अमेरिकेतल्या मुलाचा नाही. हे इतके साधे सूत्र वृद्धनिवासात सर्वांत आधी विसरले जाते. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र संमतीच्या कागदासाठी उपचार थांबवायचे नसतात. आणीबाणीतल्या रुग्णाला वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

खरी अडचण असते ती डिमेन्शिया किंवा कोमात. अनेक कुटुंबे ‘पॉवर ऑफ ॲटर्नी आहे ना’ म्हणून निर्धास्त असतात. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की तो अधिकार संपतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद लंगडा पडतो. अशा प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या कलम २२६ खाली जवळच्या नातेवाइकांना पालक नेमले आहे. बँक, विमा आणि दीर्घ उपचारांसाठी तो मार्ग आहे, रात्री साडेदहाच्या तापासाठी नाही.

मुंबईत कोणी यासाठी लढले आहे का?

लढले आहे, आणि तेही अलीकडेच. २०२१ मध्ये कोविडची लस सुरू झाली तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, व्हीलचेअरवरच्या आणि पंचाहत्तरीपुढच्या लोकांनी केंद्रापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न घेऊन वकील धृती कापडिया आणि कुणाल तिवारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. केंद्र सरकारचे म्हणणे होते की घरोघरी लस देणे शक्य नाही. लस वाया जाणे, नंतरची देखरेख अशी कारणे दिली गेली आणि ‘घराजवळ’ लस हा पर्याय मांडला गेला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने पाठपुरावा सोडला नाही. जुलैअखेरीस मुंबई महापालिकेने अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागातून घरी लस देण्यास सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही घरी जाऊन लस देण्यास मान्यता दिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण कोविडबाधित आढळले आणि त्यांना ठाण्याच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. एकत्र राहणाऱ्या वृद्धांमध्ये एकाचा ताप हा सगळ्यांचा प्रश्न असतो, हे तेव्हा दिसले.

त्याआधी, १३ डिसेंबर २०१८ रोजी, माजी केंद्रीय मंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातले वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांसाठीच्या वैद्यकीय सोयी यांची माहिती राज्यांकडून गोळा करण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. मोठे निकाल असे वरून येतात. के-पूर्वमध्ये मात्र घरी लस मिळण्यासाठी कुटुंबाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि अर्ज द्यावाच लागला. कागद तयार असलेल्यांचा नंबर आधी लागला, यात आश्चर्य नाही.

अडले तर फोन कुठे करायचा?

जिवाचा प्रश्न असेल तर आधी १०८. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि नातेवाईक दुसऱ्या शहरातूनही वृद्धनिवासाला ती बोलावण्याचा आग्रह धरू शकतात. वृद्धनिवास रुग्णाला हलवू देत नसेल किंवा भेटूच देत नसेल तर ११२. उपचारांकडे दुर्लक्ष, छळ, मार्गदर्शन यांसाठी केंद्राची ‘एल्डरलाइन’ १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

पुढच्या पायऱ्या संथ आहेत. मुले किंवा वारस उपचारांचा खर्च देत नसतील, तर २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात मोडते. अर्ज ज्येष्ठ नागरिक स्वतः, किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था करू शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित असतो, मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये. आजच्या रुग्णालयांच्या बिलांपुढे ही रक्कम हास्यास्पद आहे, हे सांगायलाच हवे. वृद्धनिवासाने करारातली सेवा दिली नाही, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येते. तेव्हा तो १०.४०चा व्हॉट्सॲप संदेश पुरावा ठरतो. रुग्णालयातली कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, ती लगेच मागून घ्यावीत.

पैशांबाबत एक गोष्ट. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, वृद्धनिवासाच्या मासिक बिलाला नाही. कार्ड आधारवर निघते, आणि आजींचे आधार बऱ्याचदा मुलाच्या कपाटात बंद असते.

आत्ताच, सगळे ठीक असताना काय करून ठेवायचे?

एक पाकीट. त्यात आधार आणि वय वंदना कार्डाच्या प्रती, चालू गोळ्यांची यादी (रक्त पातळ करणारी गोळी लाल शाईने), ॲलर्जी, नेहमीच्या आकड्यांचा कागद, शेवटचा ईसीजी, तीन फोन नंबर आणि हलवण्याची लेखी परवानगी. एक प्रत वृद्धनिवासात, एक फोनमध्ये. दिवसाढवळ्या एकदा जाऊन चौकशी करावी की रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ कुठे मिळतील. पश्चिमेला पालिकेचे म. तु. अगरवाल रुग्णालय आहे, पूर्वेला सावरकर रुग्णालय, शिवाय खासगी रुग्णालये आणि पलीकडे ठाणे. जवळचे आणि योग्य हे दर वेळी एकच नसते.

दुसरा कागद जास्त अवघड. प्रत्येक वेळी हलवणे हेच योग्य असे नाही. आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर आयसीयूतल्या नळ्यांपेक्षा ओळखीच्या खोलीत वेदनाशमन मिळावे अशी आजींची स्वतःची इच्छा असू शकते. ती त्यांना विचारावी लागते, आणि विचारायची वेळ त्या बोलू शकतात तेव्हाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक आप्तांची नावे त्यात लिहिता येतात. डॉ. निखिल दातार यांच्या पाठपुराव्यानंतर मुंबई महापालिकेने विभागवार आरोग्य अधिकाऱ्यांना या इच्छापत्रांच्या प्रती सांभाळण्यासाठी नेमले आहे. मुलुंडकरांसाठी तो टी विभाग, पश्चिमेला लाला देवीदयाल मार्गावर.